शाई, अंगठा आणि पाळत

कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असतानाची गोष्ट आहे. लिनोकटसाठी शहरातल्या गर्दीची स्केचेस करून आणायला सांगितलं होतं. मी एका रेल्वे स्थानकाच्या पादचारी पुलावर उभा राहून खाली फलाटावर बसलेले हमाल काढत होतो. तासाभराने दोन पोलीस आले. एकाने माझ्या हातातून वही घेतली आणि पानं उलटायला लागला.

"काय काढतोयस?"

"चित्र. कॉलेजचं काम आहे."

"मग पूल कशाला काढलास?"

"हमाल पुलाखाली बसलेत, म्हणून पूल आला."

"नाव काय?"

नाव सांगितलं. तोवर आवाजात नुसती चौकशी होती, नाव ऐकल्यावर आवाज बदलला. मग आधार कार्ड, कॉलेजचं ओळखपत्र, मोबाइल, वडिलांचा नंबर. पाऊण तासाने सोडलं. कुणी हात उगारला नाही, शिवी दिली नाही. जाताना दुसरा पोलीस समजुतीच्या सुरात म्हणाला, "असं कुठंही उभं राहून काढत जाऊ नकोस. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

यात विशेष सांगण्यासारखं काही नाही. याहून फार वाईट अनुभव घेतलेले लोक आमच्या मोहल्ल्यात दारोदार सापडतील. सांगायचंय ते पुढचं. त्यानंतरच्या सहा-सात महिन्यांतल्या माझ्या वह्या परवा चाळल्या. त्यात एकही पूल नाही. स्थानक नाही, बाजार नाही, मशिदीबाहेरची गर्दी नाही. सुरई आहे, कांदे आहेत, खिडकीतलं मांजर आहे. मला कुणी लेखी मनाई केली नव्हती. पोलीस पाऊण तासात निघून गेले होते. पण माझ्या हातावर पहारा करायला मी स्वतःलाच नेमून टाकलं होतं.

हे मी आमच्या कला-इतिहासाच्या मॅडमना सांगितलं. त्यांनी फारशी सहानुभूती दाखवली नाही. कपाटातून मिशेल फूको यांचं एक पुस्तक काढून हातात दिलं आणि म्हणाल्या, "वाच. तुझ्याबद्दलच आहे."

मनोरा

फूकोचं ते पुस्तक १९७५ साली फ्रेंचमध्ये आलं. शिक्षा देण्याच्या पद्धती कशा बदलल्या, याचा तो इतिहास आहे. त्यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण एका तुरुंगाच्या नकाशाबद्दल आहे. हा नकाशा इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथमचा. मूळ कल्पना त्याचा भाऊ सॅम्युअल याची. तो रशियन सरदार पोटेमकिनच्या जहागिरीत, आजच्या बेलारूसमधल्या क्रिचेव्ह गावी कामाला होता आणि कारागिरांवर देखरेख ठेवायला एक गोल इमारत बांधायचा विचार करत होता. जेरेमी त्याच्याकडे राहायला गेला, १७८७ साली तिथूनच त्याने पत्रं लिहिली आणि १७९१ मध्ये ती पुस्तकरूपाने छापली. मधोमध मनोरा, भोवती वर्तुळात कोठड्या. मनोऱ्यातल्या पहारेकऱ्याला सगळे दिसतात, कैद्यांना मात्र पहारेकरी दिसत नाही. तो आत आहे की जेवायला गेलाय, हे कळायला मार्ग नाही. म्हणून कैदी सदैव पाहिलं जात असल्यासारखंच वागतो.

फूकोने या नकाशात आधुनिक समाजाचं चित्र पाहिलं. शाळा, दवाखाना, कारखाना, लष्करी छावणी, सगळीकडे हेच तत्त्व. पाहणाऱ्याची नजर हळूहळू पाहिल्या जाणाऱ्याच्या आत जाऊन बसते. मग पहारेकऱ्याचं कामच उरत नाही.

वाचताना अंगावर काटा आला, कारण मॅडम म्हणाल्या तसं ते खरोखर माझ्याबद्दलच होतं. कांदे आणि सुरई का आली, याचं उत्तर मिळालं. पण पुस्तक संपल्यावर एक गोष्ट खटकत राहिली. त्या पोलिसाला मनोऱ्याची गरज पडली नव्हती. तो माझ्यासमोर उभा होता, मला दिसत होता. आणि त्याने माझ्याकडे पाहून मला ओळखलं नाही. नाव विचारलं, कार्ड पाहिलं, नंबर लिहून घेतला. त्याचं काम नजरेवर चाललंच नव्हतं, ते कागदावर चाललं होतं. फूको दप्तराबद्दल, नोंदीबद्दल लिहितो, नाही असं नाही. पण हे दप्तर जिथे सर्वांत मोकळेपणाने वाढलं त्या वसाहतींबद्दल या पुस्तकात जवळपास काहीच नाही. आपल्याला तो इतिहास आपल्याकडेच शोधावा लागतो.

मला त्याची वाट प्रिंटमेकिंगच्या स्टुडिओत सापडली. एकदा काम संपवून काचेवरची शाई पुसत होतो. बोटं काळी झाली होती आणि एका कोऱ्या कागदावर अंगठा उमटला. काच, काळी शाई, रबरी रोलर, कागद. आमच्या विभागाचं हे सगळं सामान पोलीस ठाण्यातही असतं आणि त्याच कामासाठी वापरलं जातं. ठसा घ्यायचा.

जंगीपूरचा पंजा

ठशाच्या इतिहासात पहिलं नाव एका कलाकाराचं घेता येईल. थॉमस ब्यूइक हा न्यूकॅसलचा लाकडावर कोरीवकाम करणारा नामवंत कारागीर. पक्ष्यांवरच्या त्याच्या सचित्र ग्रंथाचे दोन खंड १७९७ आणि १८०४ साली निघाले. त्याने आपल्या बोटाच्या ठशाचं कोरीव चित्र केलं होतं. १८१८च्या 'इसापनीती'च्या पावतीवर तो हा ठसा आपली निशाणी म्हणून छापत असे. ही प्रत माझ्याकडूनच आली आहे, नकली नाही, एवढाच त्याचा अर्थ. एका माणसाने आपल्या मर्जीने, आपल्या कामाखाली उमटवलेली ती सही होती.

त्यानंतर चाळीस वर्षांनी, जुलै १८५८ मध्ये, बंगालमधल्या जंगीपूरला दुसरा ठसा घेतला गेला. १८५७च्या उठावाला जेमतेम वर्ष झालं होतं. विल्यम हर्शेल नावाचा तरुण इंग्रज अधिकारी राज्यधर कोनाई या ठेकेदाराशी रस्त्यासाठी खडी पुरवण्याचा करार करत होता. कोनाईने करार स्वतःच्या अक्षरात लिहून दिला होता. तो सही करणार, तेवढ्यात हर्शेलने त्याचा हात कार्यालयाच्या शिक्क्याच्या शाईत माखला आणि कागदाच्या पाठीवर पंजा उमटवून घेतला. पुढे १९१६ साली लिहिलेल्या पुस्तकात हर्शेलने आपला हेतू मोकळेपणाने सांगितला आहे. सही माझी नव्हेच, असं म्हणण्याचा विचारसुद्धा कोनाईच्या मनात येऊ नये, म्हणून त्याला धाक घालायचा होता.

लक्षात घ्या, त्या वेळी ठशावरून माणूस शोधण्याचं शास्त्र नव्हतंच. हर्शेललाही ते ठाऊक नव्हतं. शास्त्र नंतर आलं, धाक आधी आला. आणि ज्याचा पंजा घेतला तो अंगठाबहाद्दर नव्हता, त्याला लिहिता येत होतं. प्रश्न एवढाच होता की त्याच्या अक्षरावर, म्हणजे त्याच्या शब्दावर, साहेबाचा विश्वास नव्हता. १८७७ मध्ये हुगळीला मॅजिस्ट्रेट असताना हर्शेलने पेन्शन घेणारे, दस्त नोंदवणारे आणि कैदी यांच्या बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली.

अझीझुल हक यांचं गणित

ठसे गोळा करणं सोपं, शोधणं अवघड. हजारो कागदांच्या ढिगातून एका माणसाच्या दहा बोटांचा कागद कसा काढायचा? चार्ल्स डार्विनचा नातलग आणि सुप्रजननशास्त्राचा जनक फ्रान्सिस गाल्टन याने १८९२ साली ठशांवर ग्रंथ लिहिला. ठशांतून वंश ओळखता येईल, अशी त्याला आशा होती. ती फोल ठरली. बोटांच्या रेषांनी वंश सांगायला नकार दिला! वर्गीकरणाचा पेचही त्याच्याकडून नीट सुटला नाही.

तो सुटला कलकत्त्यात. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांनी प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकलेल्या एका तरुणाला सब-इन्स्पेक्टर म्हणून घेतलं. खुलना जिल्ह्यातल्या या तरुणाचं नाव काझी अझीझुल हक. सोबतीला हेमचंद्र बोस होते. आपल्याकडे आजीबाया बोटावर चक्र आहे की शंख हे पाहून नशीब सांगतात. हक यांच्या गणिताची सुरुवातही तिथूनच होते. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या. प्रत्येक जोडीत चक्र आहे की नाही, एवढंच बघायचं. एका जोडीत चार शक्यता. पाच जोड्यांच्या मिळून चाराचा पाच वेळा गुणाकार, म्हणजे १०२४. बत्तीस आडवे, बत्तीस उभे, असे १०२४ खण असलेलं कपाट केलं की कुठलाही कागद नेमक्या खणात जातो आणि नेमक्या खणातून निघतो. इतकं साधं आणि इतकं देखणं गणित आहे ते.

१८९७ साली सरकारने ही पद्धत स्वीकारली आणि कलकत्त्यात ठसे विभाग सुरू झाला. १९०० साली हेन्रींचं पुस्तक निघालं आणि १९०१ साली लंडनच्या स्कॉटलंड यार्डने हीच पद्धत घेतली. तिला नाव मिळालं 'हेन्री पद्धत'. पुढे हेन्री लंडनचे पोलीस आयुक्त झाले. हक यांना खानबहादूर किताब, पाच हजार रुपये आणि बिहारमधल्या मोतिहारीला जमीन मिळाली, पण बऱ्याच उशिराने आणि अर्जविनंत्या केल्यावर. हक यांचं काम सर्वांत मोठं होतं, अशी कबुली हेन्रींनी उतारवयात दिली. जगातल्या प्रत्येक माणसाचा ठसा त्याच्या नावावर लावून देणाऱ्या माणसाच्या कामावर त्याचं स्वतःचं नाव मात्र लागलं नाही.

१९३५ साली मोतिहारीतच त्यांचं निधन झालं. याच मोतिहारीत १९०३ साली अफू खात्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या घरी एक मुलगा जन्मला होता. तो पुढे ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी झाला, ती नोकरी सोडून जॉर्ज ऑर्वेल या नावाने लिहू लागला आणि अखेरीस सतत पाळतीखाली जगणाऱ्या माणसाची कादंबरी लिहून गेला. योगायोगच, पण या गावाचं नाव मी विसरू शकत नाही.

हक यांच्याबद्दल वाचताना मला आधी अभिमान वाटला. आपल्यातल्या एका माणसाने जगाला केवढं दिलं! मग अस्वस्थ वाटलं. पाळतीचं यंत्र बाहेरून आलं आणि आपण फक्त त्याखाली भरडलो, अशी सोपी मांडणी आपल्याला आवडते. हे कपाट बनवणारी बुद्धी आपल्याच घरातली होती. हुशार माणसाला कामाचा आनंद असतो. कपाटात पुढे कुणाकुणाला कोंडतील, हे त्याला विचारलं जात नाही आणि बहुधा तोही विचारत नाही. आज चेहरा ओळखणाऱ्या संगणक प्रणालीवर काम करणारी किती मुलं आपल्याच कॉलेजांतून गेलेली असतील?

हमीदिया मशिदीसमोरची कढई

कपाटात कोण गेलं, ते लवकरच दिसलं. १९०६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवाल सरकारने फर्मान काढलं, की आठ वर्षांवरच्या प्रत्येक आशियाई माणसाने नोंदणी करून बोटांचे ठसे द्यावेत आणि पोलीस मागेल तेव्हा दाखला दाखवावा. तिथल्या हिंदी लोकांचे वकील होते मोहनदास गांधी. त्यांनी हेन्रींचं पुस्तक मिळवून वाचलं. कायद्याने ठसे घेतले जातात ते फक्त गुन्हेगारांचे, हे त्यांना त्यातूनच कळलं, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. म्हणजे हक यांच्या गणिताचं पुस्तक वाचूनच गांधींना या कायद्यातला अपमान नेमका समजला.

११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात सभा भरली. शेठ हाजी हबीब उठले आणि आपण खुदाला साक्षी ठेवून हा कायदा मानणार नाही, अशी शपथ घ्यावी, असं म्हणाले. गांधी चमकले. ठराव वेगळा आणि शपथ वेगळी, तिचा अर्थ काय होतो हे त्यांनी सभेला समजावून सांगितलं, आणि मग सगळ्यांनी उभं राहून शपथ घेतली. सत्याग्रहाचा जन्म या सभेतला. आपल्या पाठ्यपुस्तकांत सत्याग्रह येतो, त्यामागचे ठसेही कधी कधी येतात, हाजी हबीब क्वचितच येतात.

या लढ्यातला पुढचा प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जानेवारी १९०८ मध्ये गांधी आणि जनरल स्मट्स यांच्यात समझोता झाला. लोकांनी आपखुशीने नोंदणी करावी, मग सरकार कायदा मागे घेईल. गांधी स्वतः ठसे द्यायला निघाले. पठाण लोक संतापले. ठसे गुन्हेगार देतात, असं तुम्हीच सांगत होतात ना? १० फेब्रुवारीला मीर आलम आणि त्याच्या साथीदारांनी गांधींना भर रस्त्यात बेशुद्ध पडेपर्यंत मारलं. गांधींचं म्हणणं होतं की सक्तीने दिला तर तो ठसा अपमान आहे, आपल्या मर्जीने दिला तर सौजन्य आहे. शाई तीच, बोट तेच. फरक फक्त मर्जीचा.

कायदा काही मागे घेतला गेला नाही. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात मोठी लोखंडी कढई ठेवली गेली. दोन हजारांहून जास्त दाखले त्यात टाकून, रॉकेल ओतून पेटवले गेले. मीर आलमही तिथे आला होता. गांधींना मारणं ही आपली चूक होती, असं त्याने सर्वांसमोर सांगितलं आणि आपला जुना दाखला जाळायला दिला. मला वाटतं, हमीदिया मशिदीत त्या दिवशी दोघांचंही म्हणणं खरं ठरलं. मर्जीने दिलेला ठसा सौजन्य असतो, हे गांधींचं खरं. आणि घेणाऱ्याच्या हातात कायदा असेल तर तुमच्या मर्जीला फार काळ किंमत राहत नाही, ही मीर आलमची शंकाही खरी.

तारेच्या कुंपणाचं गाव

मी सोलापूरचा. आमच्या गावात 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे. लहानपणी वाटायचं, हे कुठल्या तरी साहेबाचं नाव असेल. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. माणूस काय करतो याला महत्त्व नाही, तो कुठल्या जमातीत जन्मला यावरून तो गुन्हेगार. १९११च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि नोंद झालेल्यांचे ठसे घ्यायचा अधिकार सरकारला मिळाला. तारेच्या कुंपणातल्या वसाहती उभ्या राहिल्या. हजेरी, बाहेर जायला पास आणि कापडगिरण्यांत मजुरी. सोलापूरची वसाहत त्यांतली मोठी. कैकाडी, पारधी, भामटा, कंजारभाट अशा कितीतरी जमाती या यादीत होत्या आणि त्यात छप्परबंदही होते, जे मुसलमान आहेत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून हा कायदा गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कुंपण गेलं, तरी पोलीस ठाण्यातला संशय गेला नाही, हे लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' वाचलेल्यांना सांगायला नको.

हे वाचल्यावर रेल्वे पुलावरचा माझा प्रसंग मला वेगळा दिसू लागला. नाव ऐकून आवाज बदलणं हा फक्त मुसलमानांच्या वाट्याला आलेला अनुभव नाही. आडनाव ऐकून, पाल पाहून, भाषा ऐकून आवाज बदलण्याची सवय इथल्या दप्तराला शंभराहून जास्त वर्षांची आहे. आपण आपलं दुखणं एकटं समजतो तेव्हा आपल्याला शेजारच्याचा इतिहास दिसत नाही. माझ्या घरापासून सेटलमेंट चालत जाण्याइतकं जवळ होतं आणि मला ते कळायला फ्रेंच पुस्तक वाचावं लागलं.

नानीचा अंगठा

आमची नानी पन्नास वर्षं विड्या वळते आहे. तेंदूपानं आणि तंबाखूने तिच्या बोटांच्या रेषा झिजून गेल्यात. रेशनच्या दुकानात तिचा 'थम लागत नाही'. मशीनवर अंगठा ठेवायचा, पुसायचा, पुन्हा ठेवायचा. कधी चौथ्या वेळी लागतो, कधी दुसऱ्या दिवशी या म्हणतात. कोनाईच्या अक्षरावर साहेबाचा विश्वास नव्हता, म्हणून त्याचा हात घेतला गेला. नानीच्या हातावरही आता विश्वास राहिलेला नाही. समोर उभी असलेली, दुकानदाराला नावानिशी ठाऊक असलेली बाई ती नव्हेच, असं यंत्र म्हणतं आणि यंत्राचं खरं धरलं जातं.

पुलावरचा प्रसंग मी तिला सांगितला, तेव्हा तिने मला खलिफा हजरत उमर यांचा एक जुना किस्सा सांगितला. मदिनेत रात्री गस्त घालताना त्यांना एका घरातून आवाज आला. ते भिंत चढून आत गेले, तर एक माणूस दारू घेऊन बसलेला. उमर रागावले. तो म्हणाला, माझी एक चूक झाली, तुमच्या तीन झाल्या. पाळत ठेवू नका असा हुकूम आहे, तुम्ही ठेवलीत. घरात दारातून या म्हटलंय, तुम्ही भिंतीवरून आलात. परवानगी आणि सलामाशिवाय कुणाच्या घरात शिरू नका म्हटलंय, तुम्ही शिरलात. उमर निरुत्तर झाले आणि त्याला सोडून निघून गेले. नानीने फूको वाचलेला नाही. सूरह हुजुरातमधली हेरगिरीची मनाई तिला पाठ आहे. सत्तेच्या नजरेला दार असावं, तिने भिंत चढून येऊ नये, हे ती मला सांगत होती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निकाल दिला, त्याचा गाभा याहून फार वेगळा नाही. त्यानंतर पाच वर्षांनी, २०२२ साली, १९२०चा जुना कायदा जाऊन नवा आला. अटक झालेल्यांचे ठसे, तळवे, डोळ्यांची बुबुळं यांच्या नोंदी आता ७५ वर्षं ठेवता येतात.

मग चित्र काढायचं कसं?

या प्रश्नाला एका कलाकाराने दिलेलं उत्तर मला फार दिवस पुरलं. हसन इलाही हे बांगलादेशात जन्मलेले आणि अमेरिकेत वाढलेले कलाकार आणि कलाशिक्षक. २००२ साली डेट्रॉइटच्या विमानतळावर त्यांना अडवलं गेलं. फ्लोरिडातल्या एका भाड्याच्या गोदामात स्फोटकं लपवल्याची कुणीतरी खोटी खबर दिली होती. एफबीआयने सहा महिने चौकशी केली, नऊ वेळा खोटं पकडणाऱ्या यंत्राला जोडलं आणि शेवटी निर्दोष ठरवलं. पुढे अडचण नको म्हणून इलाही प्रत्येक प्रवासाआधी एफबीआयला स्वतःहून कळवू लागले. मग त्यातूनच त्यांनी कलाकृती केली. आपण कुठे आहोत, काय खाल्लं, कुठल्या विमानतळावर थांबलो, कुठल्या स्वच्छतागृहात गेलो, सगळ्याचे हजारो फोटो ते इंटरनेटवर टाकत राहिले. तुम्हाला माहिती हवी ना? घ्या!

त्या फोटोंत ताटं आहेत, रिकामे पलंग आहेत, विमानतळावरच्या खुर्च्या आहेत. माणूस कुठेच नाही. सगळं सांगूनही इलाही त्यात सापडत नाहीत. पाहणाऱ्याला माहितीच्या ढिगाऱ्याखाली गाडून टाकायचं आणि आपण मोकळं राहायचं, अशी ती युक्ती आहे.

मला हे काम आवडतं, पण आपल्याला ते तसंच्या तसं उचलता येणार नाही. इलाहींजवळ अमेरिकेचा पासपोर्ट होता, विद्यापीठातली नोकरी होती. पारध्याच्या पोराने किंवा आमच्या मोहल्ल्यातल्या मुलाने आपली सगळी माहिती पोलिसांपुढे ओतली, तर त्याला कुणी कलाकार म्हणणार नाही, त्याची फाइल तेवढी जाड होईल. आणि नानी स्वतःहून अंगठा पुढे करतेच आहे की, दर महिन्याला. तिची अडचण माहिती देण्याची नाही.

इलाहींकडून मी एवढंच घेतलं की, पाहिल्या जाणाऱ्यानेही नोंद ठेवावी. दप्तर एकाच बाजूचं असू नये. आणि ब्यूइक, गांधी, मीर आलम यांच्याकडून हे की, ठसा मर्जीने दिला जातोय की नाही, हे दर वेळी नव्याने विचारावं, अगदी मी घेतानासुद्धा. कारण चित्र काढणाराही पाहणाराच असतो. त्या हमालांना मी तरी कुठे विचारलं होतं?

शेवटच्या वर्षाच्या कामासाठी मी नानीचा अंगठा मागितला. ती म्हणाली, "कायकू रे? किसकू बतानेका?" कुठे लावणार, कोण बघणार, रेशनवाल्याला कळणार का, सगळं विचारून घेतलं. मग काचेवर शाई पसरली, तिने स्वतःच अंगठा टेकवला आणि कागदावर दाबला. पहिले दोन बिघडले, तिसरा तिला पसंत पडला. मधोमध बराच भाग कोरा आहे. कडेला थोड्या रेषा उरल्यात, चक्र की शंख ते सांगता येत नाही. अझीझुल हक यांच्या १०२४ खणांपैकी तो कुठल्या खणात गेला असता, कोण जाणे. मी तो मोठा करून लाकडात कोरला.

खाली नाव लिहू की नको, असं विचारलं. मला वाटलं, ती नको म्हणेल. ती म्हणाली, लिही, नाहीतर कुणाचाही म्हणतील. मी लिहिलं.

गेल्या महिन्यात वही घेऊन मी पुन्हा त्या पुलावर गेलो. खाली उतरून हमालांना विचारलं, काढू का? दोघे हो म्हणाले, एकाने तोंड फिरवलं, त्याला सोडून दिलं. काढताना चार-पाच वेळा मागे वळून पाहिलं, ती सवय अजून गेलेली नाही. चित्र काही फार चांगलं आलं नाही. पण त्यात पूल आहे.